जमिनीखालची तार, गळ्यातला पट्टा: कुत्र्यासाठी अदृश्य कुंपण बसवताना

चिंगीसाठी अंगणाभोवती जमिनीखालून तार टाकली, असं गावाकडे फोनवर सांगितलं, तर माझा चुलतभाऊ दचकलाच. “अगं ताई, कुत्रीला झटका मशीन लावलंत?” त्याच्या उसाभोवती रानडुकरांसाठी तेच आहे. खांबांवरून ताणलेली उघडी तार, बॅटरी, वर सोलर पॅनल. तारेला अंग लागलं की झटका. त्यामुळे त्याच्या डोळ्यांसमोर ते आलं, यात त्याची चूक नाही.

पण अमेरिकेतल्या उपनगरांत दिसणारं हे कुंपण त्याहून अगदी निराळं आहे. यातल्या तारेला झटका नसतोच. ती हातात धरा, कुदळीने उकरून काढा, काही होणार नाही. झटका असतो कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात. हा फरक नीट समजला की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून आधी तेवढंच सांगते. इथे न्यू जर्सीत नवीन घर घेतलेली आणि पाठोपाठ कुत्रा आणलेली मराठी कुटुंबं मला सारखी याबद्दल विचारतात. बऱ्याच वसाहतींमध्ये रहिवाशांच्या असोसिएशनचे नियम असतात. पुढच्या अंगणाला कुंपण चालत नाही, मागे चालतं तेही ठरावीक उंचीचं आणि ठरावीक रंगाचं. मग कुणीतरी या तारेचं नाव सुचवतं. रिचर्ड पेक यांना अमेरिकेत या कल्पनेचं पेटंट १९७३ साली मिळालं. म्हणजे हे काही नवं खूळ नव्हे, पन्नास वर्षं वापरात असलेली वस्तू आहे.

हे चालतं कसं

भिंतीवर एक छोटी पेटी लावतात, तो ट्रान्समीटर. त्यातून निघालेली तार अंगणाला वळसा घालून परत त्याच पेटीत येते. तार अशी एका सलग फेरीत हवी, तिला लूप म्हणतात. पेटी या तारेतून अगदी कमी ताकदीचा, सतत उलटसुलट होणारा प्रवाह सोडते, सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा. सात किंवा दहा किलोहर्ट्झच्या आसपासची वारंवारता बऱ्याच कंपन्या वापरतात. असा प्रवाह वाहिला की तारेभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. बारावीच्या पुस्तकात फॅरेडेचा नियम शिकलो होतो, तोच इथे कामाला येतो. कुत्र्याच्या पट्ट्यात तांब्याचं बारीक वेटोळं असतं. ते या क्षेत्रात आलं की त्यात किंचित व्होल्टेज तयार होतं, आणि पट्ट्यातलं सर्किट ते मोजत राहतं. तार जवळ आली तसं व्होल्टेज वाढतं. एका मर्यादेला पट्टा ‘टीं टीं’ वाजतो किंवा थरथरतो. कुत्रा तरीही पुढे गेला, तर पट्ट्याच्या आतल्या बाजूला असलेल्या दोन धातूच्या टोकांमधून त्याच्या मानेच्या कातडीला झटका बसतो. स्वेटर काढताना किंवा दाराच्या मुठीला हात लावताना बसतो ना, त्या जातीचा. मात्र पातळी वाढवत नेली तर तो चांगलाच दुखतो. मी स्वतः तळहातावर घेऊन पाहिला. तुम्हीही घ्या. कुत्र्याच्या गळ्यात काय बांधतोय हे आपल्याला माहीत असायलाच हवं.

क्षेत्र तारेच्या दोन्ही बाजूंना पसरतं आणि वरखालीही. म्हणजे तार दिवाणखान्याच्या भिंतीला लागून नेलीत, तर आत सोफ्यावर झोपलेल्या कुत्र्याचा पट्टा वाजू शकतो. हे क्षेत्र किती रुंद पसरावं, ते पेटीवरच्या चकतीने कमी-जास्त करता येतं.

बसवायचं की नाही, हे आधी ठरवा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण बहुतेक लोक इथे थांबत नाहीत.

या कुंपणाने तुमचा कुत्रा आत राहतो. बाहेरचं कुणी आत येणं थांबत नाही. आमच्या भागात कोयोटी, म्हणजे कोल्ह्या-लांडग्यांच्या जातीतले जंगली प्राणी आहेत, मोकाट सुटलेले शेजारचे कुत्रे आहेत, उनाड पोरं आहेत. त्यांच्या गळ्यात पट्टा नसतो. शिवाय समोरून ससा पळाला तर काही कुत्री एक झटका सोसून पलीकडे जातात. मग ससा दिसेनासा होतो, उत्साह ओसरतो, आणि घरी परतायला तीच तार आडवी येते. कुत्रा बाहेर रस्त्याच्या कडेला उभा, आत यायला घाबरतो. २०१७ मध्ये ओहायोतल्या कुत्रेमालकांची एक पाहणी पशुवैद्यकांच्या नियतकालिकात आली होती. त्यात असं इलेक्ट्रॉनिक कुंपण असलेल्या घरांतले ४४ टक्के कुत्रे कधी ना कधी पळाले होते. साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या कुंपणाच्या घरांत ते प्रमाण २३ टक्के होतं. हे आकडे मी तार विकत घेतल्यानंतर वाचले. आधी वाचायला हवे होते.

दुसरा प्रश्न झटक्याचाच. वेल्समध्ये असे पट्टे २०१० पासून बेकायदा आहेत. अमेरिकेतली प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांची संघटना, २०२१ मधल्या आपल्या भूमिकेत, फक्त बक्षीस देऊन शिकवण्याचाच आग्रह धरते. माझं मत त्यांच्याकडे झुकतं. तुम्हाला लाकडी किंवा जाळीचं कुंपण परवडत असेल आणि असोसिएशनची परवानगी असेल, तर तेच घाला. नसेल, तर ही तार वापरा, पण शिकवणी अशी मन लावून द्या की कुत्रा आवाजावरच वळेल आणि झटका बसण्याची वेळ येणार नाही. पुढचं सगळं मी याच हिशेबाने लिहिते आहे.

सहा महिन्यांखालच्या पिल्लाला हा पट्टा नको. फटाक्यांनी पलंगाखाली दडणाऱ्या भित्र्या कुत्र्याला नको. माणसांवर किंवा दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जाणाऱ्याला तर मुळीच नको. पादचारी दिसला आणि त्याच क्षणी मान दुखली, तर कुत्रा दुखण्याचा संबंध त्या माणसाशी जोडतो आणि आणखी चिडतो. मनात शंका असेल तर पशुवैद्याला विचारा.

पहिली पायरी: कागदावर अंगण

कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन अंगणात फिरा. घर, ड्राइव्हवे, झाडं, फुलांचे वाफे, पोस्टाची पेटी, एअर कंडिशनरचं बाहेरचं यंत्र, विजेचा मीटर हे सगळं कागदावर काढा. मग तार कुठून जाईल ती रेघ ओढा.

सगळ्यात सोपा आराखडा म्हणजे घरासकट पूर्ण अंगणाला एकच वळसा. पाव एकराचा चौकोनी प्लॉट असेल तर परीघ साधारण ४१७ फूट भरतो, पूर्ण एकराला ८३५ फूट. त्यावर घरापर्यंतची तार आणि दहा-पंधरा टक्के जास्तीची धरा.

फक्त मागच्या अंगणाला कुंपण हवं असेल तर जरा डोकं चालवावं लागतं. तार तीन बाजूंनी जाते, पण लूप पूर्ण व्हायला तिला परत यावंच लागतं. परतीची तार जाणाऱ्या तारेला अगदी चिकटून आणली, तर दोन्हींतला प्रवाह उलट दिशांना वाहतो आणि क्षेत्रं एकमेकांना मारतात, कुंपण गायब. म्हणून दोन तारांत तीन ते पाच फूट अंतर ठेवा. नाहीतर परतीची तार घराच्या पन्हळीवरून न्या. तेवढ्या उंचीवरून तिचं क्षेत्र खाली मागच्या दाराशी बसलेल्या कुत्र्यापर्यंत पोहोचत नाही.

कोपरे काटकोनात वळवू नका, गोल फिरवा. काटकोनात क्षेत्र विचित्र पसरतं आणि कुत्रा नेमकी तीच जागा शोधून काढतो. रस्त्यापासून तार दहा फूट तरी आत ठेवा, कारण रस्त्यालगतची पट्टी बहुधा नगरपालिकेची असते. आणि कुत्रा वेगात आला, तर थांबायला जागा लागतेच. शेजाऱ्यांकडेही असंच कुंपण असेल तर दोन तारा शेजारीशेजारी समांतर नेऊ नका.

दुसरी पायरी: ८११

अमेरिकेत जमीन खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर फोन करायचा असतो. फुकट आहे आणि तुमच्या भल्याचं आहे. कामाचे दोन-तीन दिवस आधी कळवावं लागतं, नेमकी मुदत राज्यागणिक बदलते. मग वीज, गॅस वगैरे कंपन्यांची माणसं येऊन जमिनीखालून काय कुठून जातं ते दाखवायला गवतावर रंग मारून जातात. लाल म्हणजे वीज, पिवळा म्हणजे गॅस, नारिंगी म्हणजे फोन-इंटरनेट, निळा म्हणजे पिण्याचं पाणी, हिरवा म्हणजे सांडपाणी. “दोनच इंच तर खणायचंय” म्हणून हे टाळू नका. इंटरनेटची केबल आमच्या अंगणात एका ठिकाणी बोटभर खोलीवर निघाली. तुमच्या आधीच्या घरमालकाने स्वतः टाकलेल्या स्प्रिंकलरच्या नळ्या मात्र हे लोक दाखवत नाहीत. त्या तुम्हालाच शोधाव्या लागतात.

या खुणांचा दुसराही उपयोग आहे. विजेच्या किंवा केबलच्या वायरीला समांतर आपली तार गेली, तर सिग्नल तिच्यावर चढतो आणि भलतीकडेच पट्टा वाजू लागतो. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

तिसरी पायरी: सामान

तयार किट घेतलं तर पेटी, पट्टा, झेंड्या आणि तार एकत्र मिळते. त्यातली तार बहुधा २० गेजची, म्हणजे बारीक असते. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होत जाते, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. जमत असेल तर १६ किंवा १४ गेजची, जमिनीत पुरण्यासाठी बनवलेली, जाड प्लास्टिकच्या आवरणाची तांब्याची तार वेगळी घ्या. ती सहजासहजी तुटत नाही, आणि रोधही कमी असतो. २० गेजच्या हजार फूट तारेला सुमारे १० ओहम, १४ गेजला अडीच. पुरून झाल्यावर तार बदलणं म्हणजे सगळं काम पहिल्यापासून, तेव्हा इथे पैसे वाचवू नका.

याखेरीज जेल भरलेल्या जलरोधक वायर टोप्या, विजेच्या लाटेपासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर, एक मल्टिमीटर, आणि गवताची कड कापायचं एजर किंवा चपटं फावडं. मोठ्या प्लॉटला चर पाडायचं यंत्र भाड्याने मिळतं. स्वतः केलं तर सगळं काही शे डॉलरांत भागतं. कंपनीकडून करून घेतलं तर खर्च हजारांत जातो.

चौथी पायरी: आधी अंथरा, मग तपासा, मग पुरा

पेटी आत कोरड्या जागी लावा. गॅरेज उत्तम, पण विजेच्या मुख्य पॅनलला आणि लोखंडी कपाटाला चिकटून नको. अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच जोडा. पावसाळी वादळात आसपास वीज पडली की शेकडो फुटांची ही तार अँटेनासारखी ती लाट ओढून घेते आणि पेटी जळते. सर्ज प्रोटेक्टर त्यासाठीच असतो. मोठं वादळ येणार असं कळलं की मी तरीही तारा काढून ठेवते.

घरापासून कुंपणाच्या रेघेपर्यंतच्या तारेजवळ कुत्र्याला मोकळं फिरता यायला हवं. त्यासाठी जाणारी आणि येणारी तार एकमेकींभोवती पिळतात. पिळलेल्या जोडीतले उलट प्रवाह एकमेकांना मारतात, म्हणून तिच्यावरून कुत्रा खुशाल जातो. फुटामागे दहा-बारा पीळ हवेत. हाताने बोटं दुखतात. मी तार दुमडून मधला भाग एका खांबाला अडकवला, दोन मोकळी टोकं ड्रिल मशीनच्या तोंडात पकडली आणि हळूहळू फिरवलं. दोन मिनिटांत सुंभासारखा घट्ट पीळ तयार झाला. पिळताना लांबी कमी होते, हे धरून तार घ्या.

आता सगळी तार गवतावर अंथरा, जोडा, पेटी चालू करा. पट्टा हातात, कुत्र्याच्या मानेच्या उंचीवर धरून, चहूबाजूंनी तारेकडे चालत जा. कुठे वाजतो, कुठे वाजत नाही, ते नकाशावर लिहा. पट्ट्यासोबत मिळणारा छोटा निऑन दिवा त्या दोन टोकांना लावला की झटका कुठे सुरू होतो तेही दिसतं. घरात, मागच्या दाराशी, पोर्चवरही फिरून बघा. कुठे अनपेक्षित वाजलं तर आत्ताच तार सरकवा. पुरल्यावर सरकवायची म्हणजे पुन्हा खणणं आलं.

सगळं ठीक वाटलं की पुरा. एक ते तीन इंच खोली पुरते. एजरने गवतात चीर पाडायची, लाकडी पट्टीने तार आत दाबायची, पायाने चीर मिटवायची. तार ताणू नका, थोडी सैल ठेवा. थंडीत जमीन गोठते, फुगते आणि ताणलेली तार तुटते. खणायचंच नसेल तर गवत अगदी बारीक कापून तार खिळ्यांसारख्या स्टेपलांनी जमिनीलगत बसवा. काही आठवड्यांत गवत तिला गिळून टाकतं.

ड्राइव्हवे ओलांडायला काँक्रीटमधली तयार फट सापडते का बघा. फट साफ करा, तार आत बसवा, वर बाहेरच्या कामाचं सीलंट भरा. डांबरी असेल तर दगड कापायच्या पात्याच्या करवतीने उथळ खाच पाडावी लागते. खडीचा रस्ता असेल तर तार नळीतून नेऊन खोल पुरा.

जोड कमीत कमी ठेवा. तार तुटते ती बहुतेक वेळा जोडालाच. जोडायच्या दोन तारांची आधी सैलसर गाठ मारा म्हणजे ओढ गाठीवर येते, जोडावर नाही. मग टोकांचं आवरण अर्धा-पाऊण इंच सोलून दोन्ही टोकं पिळा आणि जेलच्या टोपीत घालून घट्ट फिरवा. टोपी ओढून पाहा. नुसती काळी चिकटपट्टी गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो. प्रत्येक जोडाची जागा नकाशावर लिहून ठेवा. मी प्रत्येक जोडावर गवतात एक लहान गुळगुळीत दगड दाबून ठेवला आहे.

पाचवी पायरी: शिकवणी

तार एका शनिवार-रविवारी होते. शिकवणीला दोन आठवडे तरी लागतात, पक्की व्हायला महिना. याच महिन्यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून घाई असेल तर हे कामच हाती घेऊ नका.

पट्टा जिथे वाजायला लागतो तिथे दर आठ-दहा फुटांवर एक अशा छोट्या झेंड्या रोवा. कुत्र्याला तार दिसत नाही, झेंड्या दिसतात. झेंडी, आवाज आणि मागे वळणं या तिघांची सांगड त्याच्या डोक्यात बसवायची असते.

पहिला आठवडा झटका पूर्ण बंद, फक्त आवाज. दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं. कुत्र्याच्या गळ्यात साधा, धातू नसलेला वेगळा पट्टा घालून त्याला लांब दोरी बांधा. कुंपणाच्या पट्ट्याला दोरी कधीही बांधू नका, टोकं मानेत रुततात. चालत झेंडीपाशी जा. पट्टा वाजला की लगेच आनंदी आवाजात “मागे!” म्हणा, स्वतः दोन पावलं मागे या, दोरीने हलकंच वळवा. कुत्रा वळला की लगेच खाऊ. चिंगीसाठी मी उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे ठेवले होते. बीगल मिश्रणाची असल्याने तिला नाकापुढे जग दिसत नाही, त्यामुळे वासाचा खाऊच कामी आला. एका वेळी तीन-चार झेंड्या बस्स. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी “मागे” म्हणायच्या आधीच तिने आवाजावर कान मागे टाकले, गर्रकन वळली आणि माझ्या हाताकडे पाहत बसली.

अशी वागणूक सगळ्या बाजूंना पक्की झाली तर माझं म्हणणं असं की आवाजावरच राहून पाहा. काही कुत्र्यांना पुरतं. पुरलं नाही तर झटका सर्वांत कमी पातळीवर सुरू करा. बरोबर पातळी कशी ओळखायची? कुत्रा कान हलवतो, मान खाजवल्यासारखी करतो, इकडेतिकडे पाहतो. ओरडला, शेपटी पोटाखाली घातली, घराबाहेर पडायला कचरू लागला, तर पातळी जास्त आहे. लगेच कमी करा, दोन दिवस फक्त खेळा, अंगण पुन्हा आवडू द्या.

मग मोह. झेंड्यांपलीकडे चेंडू टाका, घरातल्या कुणाला तरी पलीकडे चालायला सांगा, शेजारच्या कुत्र्याला फिरवून आणा. दोरी तुमच्या हातात. कुत्रा आतच राहिला की मोठं बक्षीस. हे सगळं जमलं की दोरी सोडा, पण तुम्ही तिथेच उभ्या राहा. शेवटी एक सोडून एक झेंडी काढत जा, दर दोन-तीन दिवसांनी.

एक नियम घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यांनाही, तोंडपाठ हवा: तारेपलीकडून कुत्र्याला कधीही हाक मारायची नाही. शिकवणीच्या तिसऱ्या आठवड्यात सासूबाई साताऱ्याहून आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोस्टाच्या पेटीपाशी उभ्या होत्या, हातात पोळीचा तुकडा. “चिंगे, ये गं बाळा, ये.” चिंगी झेंडीपाशी, पुढचा एक पाय वर उचललेला, तोंडातून बारीक कूंकूं, पट्टा वाजतोय. पोळी देणाऱ्या आजीकडे जायचं की शिकवलेलं ऐकायचं, हे तिला ठरवता येईना. मी धावत जाऊन तिला मागे घेतलं. मग म्हटलं, “आई, तिला तिकडून हाक नका मारू. ती आली तर तिला झटका बसेल, आणि हाक मारली म्हणून बसला असं तिला वाटेल.” सासूबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “मग मीच आत येते की तिच्याकडे.” त्यानंतर त्यांनी दारात येणाऱ्या प्रत्येकाला हा नियम स्वतः सांगितला, दुधाची बाटली घेऊन आलेल्या शेजारणीलासुद्धा.

फिरायला नेताना कुत्र्याला तारेवरून चालवत नेऊ नका. सुरुवातीचे काही आठवडे पट्टा घरातच काढून ठेवा आणि कुत्र्याला उचलून किंवा गाडीतून हद्दीबाहेर न्या. पुढे एकच जागा ठरवा, आमची ड्राइव्हवेची. तिथे साधी दोरी लावून, ठरलेला शब्द म्हणूनच बाहेर पडायचं. त्याच जागेतून आत यायचं.

पट्टा

टोकं कातडीला टेकली नाहीत तर पट्टा निरुपयोगी, फार घट्ट बांधला तर जखम. मानेखाली मधोमध बसवा आणि टोक व मानेच्या मध्ये एक बोट जेमतेम जाईल इतपत आवळा. लांब केसांच्या कुत्र्याला लांब टोकं मिळतात. चिंगीचे केस आखूड, तिला लहान पुरली.

दिवसात बारा तासांपेक्षा जास्त पट्टा ठेवू नका, रात्री तर कधीच नाही. दर एक-दोन तासांनी थोडा सरकवा. मानेची ती जागा आठवड्यातून एकदा ओल्या कापडाने पुसा, टोकंही पुसा. दाब एकाच जागी राहिला की कातडी आधी गुलाबी होते, मग ओली, मग तिथे खड्डा पडतो. हा झटक्याचा भाजलेला डाग असतो असं लोक समजतात, पण तो बहुतेक वेळा दाबाचाच व्रण असतो. एका शनिवारी मी पट्टा दिवसभर तसाच विसरले आणि रात्री दोन वाटाणे दाबल्यासारखे लाल ठसे दिसले. आठवडाभर पट्टा काढून ठेवला आणि चिंगीला दोरीवरच बाहेर नेलं. लाली दिसली की हेच करा, आणि जखम असेल तर पशुवैद्याकडे जा.

बॅटरी एक-दोन महिन्यांत संपते, काहींची लवकर. फोनवर आठवण लावून ठेवा. घरातली वीज गेली की कुंपणही गेलं, हे लक्षात ठेवा. आणि कुणीही घरी नसताना कुत्र्याला या कुंपणाच्या भरवशावर बाहेर सोडून जाऊ नका. मी अजूनही चिंगी बाहेर असेल तेव्हा खिडकीतून तिच्यावर नजर ठेवते.

तार तुटली तर

पेटीवरचा लूपचा दिवा विझतो आणि ती किंचाळू लागते. घाबरू नका, क्रमाने चला. दोन्ही तारा पेटीतून काढा आणि त्याच जागी दहा फूट तारेचा तुकडा लावा. दिवा लागला तर पेटी ठीक, दोष जमिनीत आहे. मग मल्टिमीटर लूपच्या दोन टोकांना लावा. काही ओहम दाखवले तर तार शाबूत, काहीच दाखवलं नाही तर कुठेतरी तुटली. आधी नकाशावरचे जोड तपासा. तिथे नसेल तर तार मध्यावर कापून दोन भाग करा आणि प्रत्येक भाग वेगळा मोजा. ज्या भागात दोष आहे त्याचे पुन्हा दोन भाग करा. कापलेल्या प्रत्येक जागी जेलची टोपी घालायला विसरू नका, नाहीतर एका दोषाच्या जागी चार होतील.

आमची तार मागच्या ऑक्टोबरमध्ये तुटली. गवताची देखभाल करणारी मंडळी हवा खेळती राहावी म्हणून जमिनीत भोकं पाडायचं यंत्र घेऊन आली आणि मी बाहेर येऊन सांगायच्या आत अर्धं अंगण उरकून झालं होतं. ते यंत्र दोन-तीन इंच लांबीचे मातीचे गोळे बाहेर काढतं, आणि आमची तार दोन इंचांवर होती. एकूण तीन ठिकाणी तुटलेली निघाली. एका मातीच्या गोळ्यातून तर तारेचा बोटभर तुकडा लोंबकळत होता. शोधायला दोन संध्याकाळी गेल्या, आणि तेवढे दिवस चिंगी दोरीवर.

आता दर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी नकाशा काढते आणि तारेच्या रेघेवर पुन्हा झेंड्या रोवते. नकाशाची एक प्रत गॅरेजच्या दाराला आतून चिकटवली आहे, खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, “इथे खणण्यापूर्वी विचारा.” झेंड्या परत दिसल्या की चिंगी त्यांना एक-एक हुंगत सगळ्या हद्दीवरून फिरून येते, आणि मी तिच्याबरोबर खिशात चिकनचे तुकडे घेऊन दोन दिवस उजळणी करून घेते.